इंटरकॉलेजचा सीझन: नागपूरच्या फुटबॉलवाल्यांनो, लिहा

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की रवीनगरच्या मैदानाकडे पाय आपोआप वळतात. क्रिकेटच्या आठवणी सगळेच लिहितात, हा धागा फुटबॉलचा. नॉकआउटमध्ये जुलैपासून गाळलेला घाम एका दुपारी संपतो, आणि पहिल्याच फेरीत हरलेल्या टीमबद्दल कुठे एक ओळही छापून येत नाही. म्हणून जिंकलात की हरलात ते मागाहून सांगा, आधी सीझन सांगा.

सुरुवात मी करतो. मी राइट बॅक. आमचं मैदान अस्सल काळ्या मातीचं. पावसात स्टडमध्ये चिखल असा घट्ट बसायचा की हाफटाइमला पाणी राहिलं बाजूला, आधी चमच्याच्या दांड्याने बूट उकरायचे. तीच माती दिवाळीपर्यंत वाळून भेगाळायची. भेगेत पाय गेला की घोटा गेलाच. सर सांगायचे, "पावसात जमिनीवरून पास देऊ नको रे, चिखलात अडकतो. वाळल्यावर वरून देऊ नको, टप्पा हाती लागत नाही." एकाच मैदानावर आम्ही दोन वेगवेगळे खेळ शिकलो.

कामठीचा स्टॉपर
कामठीची छावणी इंग्रजांनी 1821 मध्ये वसवली आणि त्यांच्यासोबत फुटबॉल आला, असं आमच्याकडचे म्हातारे सांगतात. आम्ही रब्बानी क्लबच्या मॅचेस बघत मोठे झालो. क्लबच्या लीगमध्ये ज्याला मी वर्षभर टॅकल केलं, तोच कॉलेजात आमचा सेंटर फॉरवर्ड निघाला. सुरुवातीला तो माझ्याशी बोलेना. एका प्रॅक्टिसला त्याचा घोटा सुजला, मी त्याला बसस्टॉपपर्यंत पाठीवर नेलं. वाटेत म्हणाला, "मागच्या वर्षी इथंच मारलं होतं न तू मला?" त्यानंतर कॉर्नरला तो मलाच हाक मारायचा. त्या सीझनमधले माझे सगळे हेडर त्याच्या ओरडण्यावर झालेत.

गोलकीपर, जुनी बॅच
टायब्रेकर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किक. तेव्हा किक होईस्तोवर रेषा सोडायची नाही, असा नियम होता. 2019 पासून एका पायाचा थोडा भाग रेषेवर असला तरी चालतं. पावसाने फक्कीची रेषा पुसून गेली होती, रेफरीने ती परत मारून घेतली आणि तेवढ्या वेळात माझा श्वास जागेवर आला. मी बॉलकडे बघत नव्हतो. किक मारणाऱ्याचा टेकलेला पाय बघत होतो, पंजा जिकडे वळतो तिकडेच बहुतेक बॉल येतो. दोन अडवल्या. पुढच्या फेरीत हरलो, पण ती संध्याकाळ माझी आहे आणि राहणार.

एका मिडफिल्डरची आई
काळ्या मातीची जर्सी ओली असताना घासू नका, डाग आत जिरतो. वाळू द्या, झटका, मग भिजवा. मॅचच्या सकाळी पोहे करा, पण तर्री नको. मुलगा चिडायचा, तरी मी ऐकलं नाही.

बदली खेळाडू
आमच्या टीममधला सगळ्यात चपळ पोरगा स्लम सॉकरमधून, म्हणजे झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या संस्थेतून आला होता. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये उभं केलेलं ते काम नागपूरकरांना सांगायला नको. अरुंद जागेत बॉल कसा लपवायचा, हे मी बेंचवर बसून त्याच्याकडूनच शिकलो. मला मिळालेली शेवटची पंधरा मिनिटं त्यावरच निभावली.

मुलींच्या टीमची कॅप्टन
आमचा अर्धा सीझन मुली गोळा करण्यात गेला. नियमाने सात जणी असल्याशिवाय मॅच सुरूच होत नाही, आणि आम्ही पाच. मग खो-खोवालीला विचारलं, तिची पलटी बघून. धावणारी एक आली. कबड्डीतली एक आली, तिला पकड सोडायला शिकवावं लागलं. होस्टेलचं गेट संध्याकाळी लवकर बंद व्हायचं, म्हणून प्रॅक्टिस पहाटे. काहींच्या घरी "शॉर्ट्स कशाला?" म्हणून अडलं, तिथे मी स्वतः जाऊन बसले. चहा घेतला, फोटो दाखवले, लेगिंग्जवर खेळता येतं हे सांगितलं. एका बाबांनी मग स्वतः शिनगार्ड आणून दिले.

पहिली मॅच आम्ही नऊ जणींनी खेळली आणि हरलो. पण खो-खोवालीने त्यांच्या विंगरला नव्वद मिनिटं आत शिरू दिलं नाही. निवड समितीने तिला विद्यापीठाच्या संघात घेतलं आणि ती पश्चिम विभागाच्या स्पर्धेला गेली, आमच्या कॉलेजची फुटबॉलमधली पहिली कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाकडून खेळलेली खेळाडू.

आता शिकणाऱ्या मुलींना सांगते: कॉलेजात टीम नसेल तर जुलैतच क्रीडा शिक्षकांना गाठा, प्रवेशिका भरायची तारीख विचारून घ्या. अकरा जणी जमेपर्यंत थांबू नका. सात झाल्या की नाव द्या, बाकीच्या मैदानावर येतात.