बोलेरोला मागचे शॉकअप कोणते टाकावेत?

पाटोद्याहून: दादांनो, मागचे शॉकअप गळायलेत. दांड्याला तेलात कालवलेला मुरूम चिकटलाय. बालाघाटातल्या तांड्यांवर खताच्या गोण्या न्याव्या लागतात. गॅसचे टाकू का तेलाचे?

लातूरहून: उखडलेल्या खडीवर सलग हादरे बसले की तेल तापतं, फेसाळतं आणि शॉकअप काम सोडतो. नायट्रोजन भरलेल्यात फेस कमी होतो. गॅसचेच घ्या, पण ट्विन-ट्यूब, म्हणजे नळीत नळी असलेले. एकाच नळीचा मोनोट्यूब लवकर थंड होतो खरा, पण दगड लागून नळीला पोचा आला की पिस्टन अडकतो. आपल्याकडं दगडाला काय तोटा! अन् जोडीच बदला, एकटा नको.

कळंबहून: वजन शॉकअप नाही, पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा पेलतात भाऊ. आधी पाट्यांच्या टोकाचे रबरी बुश बघा.

पाटोद्याहून: बघितले. डावीकडचे पार खाल्लेत. तेही बदलतो.