आसपासचे पक्षी तुम्ही कशावरून ओळखता?

दारातला शेवगा फुलला आहे आणि त्यावर शिंजिरांची ये-जा सुरू आहे. त्यांना पाहून आजोबांचे सांगणे आठवले, म्हणून हा धागा. पक्ष्याचा रंग शेवटी पाहावा, आधी तो बसतो कसा, चालतो कसा आणि खातो काय ते पाहावे, असे ते म्हणत. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामात काळानिळा चमकतो. हंगाम सरला की तो मादीसारखा वरून तपकिरी आणि खालून पिवळसर होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो. बाकदार चोच फुलात खुपसण्याची पद्धत मात्र बारा महिने तीच असते. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

प्रतिसाद (सांगली) :
ढोकरी! ओढ्याकाठी बसलेली असते तेव्हा मातकट आणि रेघारेघांची, त्यामुळे चिखलात दिसतच नाही; आपण अगदी जवळ गेलो की ती उडते आणि एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात. आमच्या शाळेतली मुले हे दोन वेगळे पक्षी समजतात. लहान बगळ्याची चोच व पाय काळे आणि पंजे पिवळे असतात, तर गायबगळ्याची चोच पिवळी असते, हेही मुलांना आवर्जून दाखवते.

प्रतिसाद (अकोला) :
आमच्याकडे शिक्रा हा शिकारी पक्षी आणि कोकिळेच्या कुळातला पावशा यांवरून नेहमी वाद होतो. अंगावरचे पट्टे सारखे, उडण्याची ढबही सारखी, इतकी की पावशा झाडावर येऊन बसला तरी लहान पक्षी कलकलाट करतात. चोच पाहावी : शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली असते, पावशाची तशी नसते. ‘पेरते व्हा’ ऐकू आले की प्रश्नच मिटतो. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. गेल्या पावसाळ्यात बांधावरच्या बाभळीत त्याचे पिल्लू चोच वासून बसले होते आणि त्याच्याहून लहान दिसणारा सातभाई त्याला अळ्या भरवत होता. ते दृश्य पाहून मी पेरणीचे काम विसरलो.

प्रतिसाद (ठाणे) :
स्वयंपाक करता करता लिहीत आहे. आमच्या कुंडीत बुलबुलाने घरटे केले होते, पण परवा भारद्वाजाने पिल्ले नेली. घरातले सगळे हळहळले. तो बुलबुल लालबुड्या होता की शिपाई, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद (रत्नागिरी) :
ठाणेकर ताई, वाचून फार वाईट वाटले. भारद्वाज दिसणे आपण शुभ मानतो, पण अंडी आणि पिल्ले हे त्याचे नेहमीचे खाद्य आहे. शिपाई बुलबुलाचा तुरा उभा व टोकदार, गाल पांढरे आणि डोळ्यामागे लाल ठिपका असतो. लालबुड्याचे डोके काळे, तुरा आखूड, आणि उडताना शेपटीच्या वरचा पांढरा भाग स्पष्ट दिसतो. बुडाखालचा लाल रंग दोघांनाही असतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. शिपायाच्या लहान पिल्लांना डोळ्यामागचा लाल ठिपका नसतो.

प्रतिसाद (बडोदा) :
वेडा राघू कोणी लिहिला नाही, म्हणून लिहितो. विजेच्या तारेवरून झेपावून तो हवेतच मधमाशी पकडतो, पुन्हा त्याच जागी येऊन बसतो आणि ती तारेवर आपटून मगच गिळतो. त्याच्या मागून ऊन येत असेल आणि त्याचा हिरवा रंग दिसत नसेल, तरी एवढ्यावरून तो ओळखता येतो.