व्हॅनची कॅम्पर केलीये, सामान किती भरायचं?

राजवाडाकर: मंडळी, जुन्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा, 100 लिटरची पाण्याची टाकी सगळं बसवून झालंय, आता दिवाळीत आईबाबांना घेऊन इंदूरहून महेश्वर आणि तिथून पुढे नाशिकला जायचा बेत आहे, आत जागा तर अजून ढीगभर दिसतेय मग वजनाचं गणित कसं लावायचं?

घाटवाला: जागा बघू नकोस रे, आरसी बघ. त्यात एकूण भारित वजन असतं, म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त किती वजन चालतं ते. आता डिझेल फुल, बाकी रिकामी अशी गाडी धर्मकाट्यावर घाल, मालाच्या ट्रकांची रांग असते तिथेच, आणि आलेला आकडा त्यातून वजा कर. उरेल त्यात माणसं, पाणी, गाद्या, भांडी सगळं बसवायचं. आरसीतलं रिकामं वजन धरू नकोस, ते पलंग-ओटा बसवायच्या आधीचं आहे. 100 लिटर पाणी म्हणजे सरळ 100 किलो, आणि घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो पण नुसतं लोखंडच साधारण 15 किलो भरतं!

राजवाडाकर: बाप रे. टाकी तर मागच्या चाकांच्याही मागे आहे.

नर्मदाकाठ: मग पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोल. एकूण वजन बसतं पण मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा दांडा, ओव्हरलोड, असं फार होतं. मागे भार वाढला की पुढची चाकं हलकी, मग स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्हीची पकड कमी, आणि तुला महेश्वरला जाताना घाट उतरायचाय. टायरवरचा भाराचा आकडाही (लोड इंडेक्स) वाच, 100 लिहिलं असेल तर एका टायरला 800 किलो, तेही हवा बरोबर असेल तरच. पाणी महेश्वरला भरा ना, इथून कशाला ओढत न्यायचं? आणि हो, बदल आरटीओत चढवलेत का?