सल्ला हवा: 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' सात वर्षांच्या लेकीला दाखवू का?

रानजाई:
लहानपणी मामाकडे भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' (१९८४) पाहिला होता. परवा लेक झोपल्यावर एकटीनेच पुन्हा लावला. पांढरा उडता ड्रॅगन फाल्कोर आला तेव्हा जुनं कुणी घरी आल्यासारखं वाटलं. पण त्याआधीचा दलदलीतला प्रसंग मी विसरलेच होते. गोष्टीतला शूर मुलगा अट्रेयू दोन्ही हातांनी लगाम ओढतोय, 'चल ना, चल ना' म्हणून रडतोय, आणि त्याचा घोडा आर्टॅक्स हलतच नाही. चिखल पोटापर्यंत, मग मानेपर्यंत. त्या दलदलीत जो दुःखाला शरण जातो तो बुडतो.

लेकीचे आजोबा मार्चमध्ये गेले. म्हणून विचारतेय. तेवढा भाग पळवू, की सिनेमाच एक-दोन वर्षं थांबवू? आणि आधी पुस्तक वाचून दाखवलेलं बरं का?

दीपमाळ:
मी मुलाला सहाव्या वर्षी दाखवला. घोड्याच्या वेळी तो खूप रडला, पण घाबरला दुसरीकडेच. एक म्हणजे अंधारात चमकणारे त्या लांडग्याचे, ग्मॉर्कचे डोळे. दुसरं, स्फिंक्सच्या, म्हणजे बाईचा चेहरा आणि सिंहाचं धड असलेल्या पुतळ्यांच्या, दारापाशी जळून पडलेला सरदार. त्याच्या शिरस्त्राणाची झडप उघडते आणि आतला चेहरा दिसतो. तिथे खुशाल डोळ्यांवर हात ठेवा.

घोड्याचा भाग मात्र पळवू नका. घोडा बुडालेला दिसला नाही तर अट्रेयू पुढे एकटा का, हे मुलीला कळणारच नाही. शेवटी आर्टॅक्स परत दिसतो, हे तुमच्या लेकीला आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, ते चुकलंच. आणि चित्रीकरणात घोडा मेला अशी एक अफवा फिरते, ती खोटी आहे. हेही सांगा, मुलं हमखास विचारतात.

शाईदौत:
पुस्तक नंतर, असं माझं ठाम मत. मिखाएल एंडेची ही जर्मन कादंबरी १९७९ ची. मी राल्फ मॅनहाइमचा इंग्रजी अनुवाद वाचलाय. त्यात आर्टॅक्स बोलतो. मला बुडताना बघू नकोस, तू जा, असं तो स्वतः अट्रेयूला सांगतो. सात वर्षांच्या मुलीला हे सिनेमापेक्षा जड जाईल.

शिवाय सिनेमात साधारण अर्धंच पुस्तक आहे. उरलेल्या अर्ध्यात ही गोष्ट वाचता वाचता तिच्यात शिरलेल्या मुलाची, बास्टियनची, एकेक इच्छा पुरी होते आणि दर इच्छेमागे त्याची एकेक आठवण पुसली जाते. शेवटी स्वतःचं नावही आठवत नाही. माझ्या लेखी खरं पुस्तक ते आहे. एंडेला सिनेमा इतका खटकला की त्याने सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून आपलं नाव काढायला लावलं. कोर्टातही गेला, पण हरला. मला त्याचं म्हणणं पटतं, तरी सिनेमा आवडतो. दहा-अकराव्या वर्षी पुस्तक हातात द्या.

इसारकाठ:
आम्ही म्युनिकला असतो. शहराबाहेर गाइजेलगास्टाइगला ज्या स्टुडिओत हा बराचसा चित्रित झाला, तिथे फाल्कोर अजून आहे आणि मुलांना त्याच्यावर बसू देतात. इकडे त्याचं नाव फुखुर. मुलगी उतरायलाच तयार नव्हती! जर्मन आवृत्ती थोडी लांब आहे आणि तिच्यात फक्त क्लाउस डोल्डिंगरचं संगीत आहे, लिमाल या गायकाचं ते प्रसिद्ध गाणं नाही. तुम्ही लहानपणी पाहिलेली गाण्याची, तीच दाखवा.

रानजाई, एक सांगू? तुमच्या घरासाठी मोठा प्रसंग दलदलीचा नाही, सुरुवातीच्या न्याहारीचा आहे. बास्टियनची आई वारलेली आहे. तो म्हणतो, आई पुन्हा स्वप्नात आली. वडील मिक्सरमध्ये संत्र्याच्या रसात कच्चं अंडं फोडतात आणि आता पुढे जायला हवं, असं समजावतात. वाईट नाहीत ते, त्यांनाही बोलता येत नाहीये. तिथे थांबवून लेकीला बोलू द्या.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दुपारी, उजेडात लावते. सासूबाईही बसणार आहेत.

रानजाई:
पाहिला. न्याहारीपाशी थांबवलं, पण ती काहीच बोलली नाही, 'लाव ना' एवढंच. दलदलीत मात्र विचारलं, "तो चालत का नाहीये?" म्हटलं, त्याला फार वाईट वाटतंय. "आजीसारखं?" म्हणाली आणि माझ्या मांडीवरून उठून आजीला चिकटून बसली, ती शेवटपर्यंत. सासूबाईंनी इतक्या महिन्यांनी आजोबांची एक गोष्ट तिला सांगितली, ते पोहायला कसे शिकले ती.

आता तिला फाल्कोरचं पुस्तक हवंय. शाईदौत, दहाव्या वर्षापर्यंत काही थांबायची नाही ती. बास्टियनचं जग एका रंगात आणि फॅन्टेशिया, म्हणजे अट्रेयूचं अद्भुत जग, दुसऱ्या रंगात छापलेली, तांबड्या-हिरव्या शाईची इंग्रजी प्रत पुण्यात जुन्या पुस्तकांत कुणी पाहिलीय का?