जुन्या ऑफिस इमारतीची लॉबी, कॅफे, जिम: दिवे खास बनवून घ्यायचे तर कुठले?

कोनाडा:
जुन्या ऑफिस इमारतीचं नूतनीकरण करतोय. तळमजल्यावर लॉबी, कॅफे आणि छोटी जिम होणार आहे. स्लॅबखाली बीम आणि एसीचे डक्ट, त्यामुळे फॉल्स सीलिंग केलं तर उंची फारच कमी उरते. लॉबीत एक मोठा वळणदार लटकता दिवा खास बनवून घ्यायचा मालकांचा आग्रह आहे. सगळं बजेट त्यातच जाईल अशी भीती वाटते. सुरुवात कुठून करावी?

सांजप्रकाश:
भिंतींपासून. आत येणाऱ्याची नजर आधी समोरच्या भिंतीवर जाते. बुटक्या जागेत नुसता वरून खाली उजेड सोडला की कोपरे काळवंडतात आणि माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात. भिंत उजळली की तीच जागा मोकळी वाटते. म्हणून बीमच्या कडेने, भिंतीकडे तोंड केलेली सलग एलईडी पट्टी द्या. जुन्या बीमचं माप प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं निघतं, तयार दिवा तिथे नीट बसत नाही. माझ्या मते खास बनवून घ्यायचं ते हेच.

जिममध्ये बाकावर उताणं पडून वजन उचलणाऱ्याच्या थेट डोळ्यांत डाउनलाइट, म्हणजे छतातून सरळ खाली पडणारा दिवा, घुसतो. हे नकाशावर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मला याचा फार राग येतो. तिथे उजेड छतावर टाकून खाली येऊ द्या.

कॅफेला ३००० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर उजेड, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. शिवाय आर९ चा, म्हणजे गडद लाल किती खरा दिसतो त्याचा, आकडा वेगळा मागा. सीआरआय ही तपासणीच्या पहिल्या ८ फिकट रंगांची सरासरी असते, गडद लाल त्यात धरलेला नसतो. पदार्थ आणि माणसांचे चेहरे मात्र त्या लालावरच खुलतात.

वायरमन:
ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज देणारा डबा, कुठे बसणार ते आधी ठरवा. पट्टीच्या आधी बहुधा तोच जातो, आणि जिप्सममध्ये बुजवला असेल तर छत फोडावं लागतं. २४ व्होल्टची पट्टी लांब असेल तर शेवटाकडे मंद होते, दोन्ही टोकांकडून सप्लाय द्या. पट्टी अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्येच बसवा, उष्णता निघून जाते.

कोनाडा:
मग लटकता दिवा रद्दच करायला सांगू का? मालक ऐकतील असं वाटत नाही.

सांजप्रकाश:
रद्द नको, छोटा करा. लॉबी उजळायचं काम त्याच्यावर टाकू नका, मग तो मंद ठेवता येतो आणि डोळे दिपत नाहीत. ऑर्डरआधी त्याचा एक तुकडा बनवून जागेवर टांगून बघा, रात्री सुद्धा. आणि डाली कंट्रोल घ्या, त्यात प्रत्येक दिवा वेगळा कमी-जास्त करता येतो. भर उन्हातून आत येणाऱ्याला क्षणभर अंधारी येते, म्हणून समोरची भिंत दिवसा जास्त उजळ हवी आणि संध्याकाळी कमी. लोक नेमकं उलट करतात. ही दोन सेटिंग्ज काम ताब्यात घेण्याआधीच भरून घ्या.