एपिक्युरस मित्रांना सांगायचाय, आधी काय वाचू?

प्रश्न (लातूर): रविवारी आम्ही पाच-सहा जण बसतो. एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्याचा सुखवाद मांडायचाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर (नांदेड): त्यानं मेनोइकस या शिष्याला लिहिलेलं पत्र, दोनदा. मग त्याची 40 मुख्य सूत्रं, रोज चार. इच्छांचे तीन प्रकार वहीत मांडा: भाकरी नैसर्गिक अन् गरजेची, पुरणपोळी नैसर्गिक, पण गरजेची नाही, सत्काराचे फ्लेक्स दोन्ही नाहीत. लोक इथंच घसरतात, पुरणपोळी वर्ज्य समजतात. मिळाली तर आनंदानं खावी, नाही मिळाली तर जीव तळमळू नये, एवढंच.

उत्तर (परभणी): चार्वाकाशी लगेच जोडू नका. कर्ज काढून तूप पिणं कुठं, अन् चीजच्या लहानशा भांड्यात मेजवानी मानणारा हा कुठं!

उत्तर (बीड): कुणाच्या घरी नुकतंच कोणी गेलं असेल, तर ‘मृत्यूला भ्यायचं कारण नाही’ हा त्याचा मुद्दा पुढच्या बैठकीला ठेवा.