दुसऱ्यांदा पिऊन गाडी चालवताना सापडला तर थेट तुरुंग?

परळीकर: आमच्या भागातला एक जीपवाला वर्षभरात दुसऱ्यांदा सापडला. मशीन फुंकली, केस झाली आणि आठवड्यात गडी पुन्हा बायपासवर! मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ बघा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड. कोर्ट दोन्हीही देऊ शकतं, पण नुसत्या दंडावरही सुटता येतं. माझं म्हणणं, दुसऱ्या वेळी कैद सक्तीची करा. आठवडाभर का होईना.

उमरग्याचा ट्रकवाला: आन् घर कोण चालवणार, तुम्ही? दोषी ठरला की कोर्ट किमान ६ महिने लायसन बंद ठेवतं, पहिल्याच केसला. आमच्यासाठी तोच तुरुंग. पैसेवाल्याचं पोरगं ड्रायव्हर ठेवून मोकळं होतं.

परळीकर: लायसन बंद झालं म्हणून थांबतंय कोण? गळीत हंगामात रात्री रस्त्यावर उभं राहून बघा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. शुद्धीतल्या माणसाला दिसत नाहीत, पिलेल्याला काय दिसणार?

उमरग्याचा ट्रकवाला: मग रिफ्लेक्टर नसलेल्याला आधी धरा की. त्याला कामून सोडता?

काळा कोट, जालना: दोघंही शिक्षेवर भांडताय, पण गाडी त्याच्या आधीच अडते. या गुन्ह्यात जागेवर तडजोड शुल्क भरून सुटता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. वाढीव शिक्षेसाठी आधीची दोषसिद्धी दाखवावी लागते. पहिली केस बीडला पडून असेल आणि दुसरी जालन्यात उभी राहिली, तर तो कागदावर पहिलटकरच. सक्तीची कैद आणून ही भानगड सुटत नाही. उलट आज कबुली देऊन दंड भरणारे उद्या प्रत्येक केस लढवतील. तारखांचं काय होईल, ते आम्हाला विचारा.

परळीकर: म्हणजे कुणी मरेपर्यंत थांबायचं?

काळा कोट, जालना: मेल्यावरही सोपं नाही. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ साली दारू पिऊन चालवलेल्या गाडीखाली ७ मजूर गेले. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचा (खुनापेक्षा कमी, पण नुसत्या निष्काळजीपणापेक्षा मोठा गुन्हा) दोष कायम ठेवला, शिक्षा ३ वर्षं. आता जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

लातूरची ताई: मालकाचं नाव कुणीच कसं घेत नाही? लायसन बंद असलेल्याच्या हातात किल्ली देणाऱ्यावर मोटार वाहन कायद्याचंच कलम १८० लागतं, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड. तो जीपवाला स्वतःच्या जीपवर होता की दुसऱ्याच्या?

परळीकर: दुसऱ्याच्या. मालक आमच्याच भावकीतला.

उमरग्याचा ट्रकवाला: घ्या! आता करा तक्रार.